अंगणातील नारळ

बालाघाटच्या डोंगररांगेत, जयंती नदीच्या काठी अंबाजोगाई हे प्राचीन गाव वसले आहे. योगेश्वरी देवीचे मंदिर, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी ह्यांमुळे ह्या गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. योगेश्वरी ही कोकणातील अनेक कुटुंबांची कुलस्वामिनी होय. म्हणून तिच्या दर्शनाला कोकणातून माणसे नित्य येत असतात. कोकणातील माणूस येथे सहज येतो. कोकणातील माड मात्र येथे सहजासहजी रुजत नाही. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. बीड जिल्ह्यात तो सातशेच्या आतबाहेर असतो, आणि तोही कधी पडतो, कधी पाठ फिरवतो.

तरीसुद्धा अंबाजोगाईच्या पुष्कळ अंगणांत नारळाचे एखादे झाड डोलताना दिसते. अशाच एका घरी कुंपणाच्या कडेला नारळाचे एक उंच झाड होते. घरातील आजोबांनी ते पंधरा वर्षांपूर्वी लावले होते. सातव्या वर्षापासून ते फळू लागले. देवघरातील कलशावर, लग्नकार्यातील ओटीत आणि श्रावणातील नारळीभातात त्याच झाडाचा नारळ असे. त्या घरातील नात आता सातव्या इयत्तेत शिकत होती. तिच्या जन्माच्या आधीपासून ते झाड तेथे उभे होते. त्यामुळे झाडावाचून अंगण कसे दिसते, हे तिला ठाऊकच नव्हते.

परंतु त्या वर्षी एक अडचण उभी राहिली. झाडाच्या बरोबर वरून रस्त्याच्या विजेच्या तारा जात होत्या. झाड लहान होते तेव्हा तारा फार उंच वाटत. आता झाडाचा शेंडा तारांना भिडू पाहत होता. वारा सुटला की झावळ्या तारांवर घासत आणि ठिणग्या उडत. वीज कार्यालयातील वायरमन दोनदा येऊन, वीजपुरवठा बंद करून काही झावळ्या छाटून गेला. पण नव्या झावळ्या पुन्हा तेथेच पोचत. ज्येष्ठातील वादळी वारे तोंडावर आले होते. झाडाखालून मुले शाळेला जात. कोणाच्या जिवावर बेतण्यापूर्वी काही तरी करणे भाग होते.

शेजारचे काका म्हणाले, “एवढा विचार कशाला करता? चार हात शेंडा छाटून टाका. आमचा कडुनिंब दर दोन वर्षांनी छाटतो. पावसाळ्यात पुन्हा फुटतो.”

नातीला ही युक्ती फार आवडली. ती आजोबांना म्हणाली, “आजोबा, काका म्हणतात तसेच करू या. झाडही राहील आणि तारांची भीतीही जाईल.”

आजोबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी परसातून ज्वारीचे एक ताट आणि कडुनिंबाची एक फांदी आणली. फांदी आडवी कापून ते म्हणाले, “हे पाहा, बाळ. कडुनिंबाच्या सालीखाली एक जिवंत पातळ थर असतो. तोच थर झाडाला दरवर्षी जाड करतो आणि झालेली जखम भरून काढतो. फांदीवर जागोजागी डोळे असतात. एक शेंडा गेला तर दुसरा डोळा जागा होतो. आता हे ज्वारीचे ताट पाहा. ह्यात असा थर नाही. नुसते धागेच धागे विखुरलेले आहेत. नारळाचे खोडही आतून असेच असते.”

“म्हणजे नारळ हे ज्वारीच्या नात्यातले आहे?” नातीने आश्चर्याने विचारले.

“दूरच्या नात्यातले म्हण. ज्वारी, ऊस, बांबू आणि नारळ ही सारी एकदल वनस्पतींची मंडळी. आपल्या पूर्वजांनीही हे साम्य ओळखले होते. अमरकोशात ताड, खजूर इत्यादी झाडांना ‘तृणद्रुम’ म्हटले आहे. म्हणजे गवताच्या जातीची झाडे. नारळाला फांद्या नाहीत, खोडावर डोळे नाहीत. त्याचा सारा जीव शेंड्यातील एका कोंबात असतो. तो कोंब छाटला की झाड संपले. उभे राहील ते नुसते खोड.”

नात गप्प झाली. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मग शेंडा ठेवून वरच्या सगळ्या हिरव्या झावळ्याच काढीत राहिलो तर?”

आजोबांनी मान हलविली. नारळाला साधारणपणे महिन्याला एक नवी झावळी येते. भरल्या झाडाच्या माथ्यावर तीस ते चाळीस झावळ्या असतात. प्रत्येक झावळीच्या बेचक्यातून एक पोय, म्हणजे फुलोरा, येतो. झावळी हे झाडाचे अन्न शिजविण्याचे स्वयंपाकघर होय. हिरवी झावळी तोडली की झाडाच्या तोंडचा घास तुटतो आणि पुढे येणारी फळेही घटतात. वायरमनने केलेल्या छाटणीनंतर ह्या झाडाचे नारळ लहान पडू लागले होते, ते ह्याच कारणाने. शिवाय आता खुद्द कोंबच तारांपर्यंत पोचला होता. झावळ्या काढून काहीच साधणार नव्हते.

वीज कार्यालयाकडे तारा हलविण्याविषयी अर्ज केला होता. परंतु पलीकडे घरे असल्यामुळे तारांना दुसरी वाट नव्हती. अखेर एके संध्याकाळी आजोबा म्हणाले, “झाड काढावे लागेल. दोष झाडाचा नाही. त्याने आपला धर्म पाळला, ते सरळ वाढले. चूक माझी आहे. खड्डा खणताना मी जमिनीकडे पाहिले. वर पाहिले नाही.”

झाड उतरविण्यापूर्वी नातीने त्याचे पूर्ण पिकलेले तीन नारळ बियाण्यासाठी निवडले. हलविल्यावर आत पाणी वाजते की नाही, हे तिने कानाला लावून पाहिले. मग ठरल्या दिवशी वीज बंद करण्यात आली. वाकबगार माणसे दोर बांधून झाडावर चढली आणि वरून तुकडे करीत झाड खाली आणू लागली. शेंडा उतरल्यावर आजोबांनी त्याची वेष्टने एकेक करून सोडविली. आत हस्तिदंतासारखा पांढरा, कोवळा गाभा निघाला. त्यांनी त्याचा एक तुकडा नातीच्या हातावर ठेवला. तो गोड होता. “हाच त्याचा जीव,” आजोबा म्हणाले. एवढ्या उंच झाडाचा जीव इतका मऊ असेल, असे तिला कधी वाटले नव्हते.

झाडाचे काही वाया गेले नाही. झावळ्यांच्या हिरांचे खराटे झाले. खोडाचे तुकडे मात्र आजोबांनी अंगणात कुजत पडू दिले नाहीत. कुजणाऱ्या खोडात आणि शेणखताच्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो. हा काळा, डोक्यावर शिंग असलेला भुंगा रात्री उडत येतो आणि नारळाचा कोवळा कोंब पोखरतो. ज्या झाडाची नवी झावळी कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी कातरलेली दिसते, तेथे हा शत्रू येऊन गेला असे समजावे. म्हणून शेणखताचा उकिरडा नारळाच्या जवळ नसावा. शेंड्यात भोक दिसल्यास आकडा असलेली तार आत घालून भुंगा ओढून काढावा.

तीन नारळ ओल्या वाळूत आडवे ठेवून दिले. तीन-चार महिन्यांनी दोहोंना कोंब आले. तिसरा रुजला नाही. पुढील पावसाळ्यापर्यंत त्या रोपांना पाच-सहा पाने आली. ज्याचा बुंधा अधिक जाड होता, ते रोप निवडण्यात आले. आता ते कोठे लावावे, हा प्रश्न होता.

“ह्या वेळी जागा मी शोधते,” नात म्हणाली. तिने आधी वर पाहिले: तारा नाहीत. मग बाजूंना पाहिले: घराची भिंत पुरेशी दूर आहे. झाड मोठे झाल्यावर झावळ्या चारी दिशांना पसरतात, आणि नारळ उंचावरून खाली पडतात. तेव्हा माणसांच्या वाटेवर किंवा छपरावर झाड नसावे. शेवटी तिने खाली पाहिले आणि ती अडखळली. “आजोबा, पाणी कोठून आणायचे?”

हा प्रश्न अंबाजोगाईत लहान नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे ह्या भागातील माणसे विसरलेली नाहीत. फळणाऱ्या नारळाला उन्हाळ्यात दिवसाला सुमारे चाळीस लिटर पाणी लागते. जेथे माणसांना घागरी मोजाव्या लागतात, तेथे झाडासाठी निराळे पाणी कोठले? आजोबांनी नातीला हिशेब घालून दिला. घरात माणसे पाच. प्रत्येकाच्या स्नानाला पंधरा लिटर पाणी. एकूण पंचाहत्तर लिटर. हे पाणी रोज गटारात जात होते. नातीने न्हाणीच्या मोरीपासून थोड्या अंतरावरची मोकळी जागा निवडली. सोड्याचे व कपड्यांच्या साबणाचे तीव्र पाणी मात्र झाडाकडे वळवावयाचे नाही, असे घरात ठरले.

ज्याच्याकडे एवढेही पाणी नसेल, त्याने नारळाचा हट्ट धरू नये. ह्याच कुळातील शिंदी मराठवाड्यातील ओढ्यांच्या काठी कोणी न लावता उगवते आणि थोड्या पाण्यावर तग धरते. तिच्या पानांचे फडे, चटया आणि टोपल्या होतात. शिंदीच्या झाडाने ह्या भागात इतिहासही पाहिला आहे. निजामी राजवटीला शिंदीच्या दारूवरील करापासून मोठे उत्पन्न मिळे. म्हणून १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. अंबाजोगाईस ज्यांनी शिक्षक म्हणून काम केले, ते स्वामी रामानंद तीर्थ ह्या लढ्याचे नेते होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. तेथेही दोष झाडांचा नव्हता. माणसांच्या व्यवहारापायी त्यांना कुऱ्हाड सोसावी लागली.

आषाढाच्या पहिल्या पावसानंतर नवा खड्डा खणला गेला. तो लांब, रुंद आणि खोल असा प्रत्येकी एक मीटर होता. काळ्या चिकण मातीत पाणी साचते आणि मुळे कुजतात. म्हणून तळाशी मुरूम व जाड वाळू घातली. त्यावर नारळाची जुनी सोडणे पसरली; ती पाणी शोषून धरतात. मग माती आणि चार घमेली चांगले कुजलेले शेणखत मिसळून खड्डा भरला. रोप मधोमध ठेवून नारळ मातीत बसेल, परंतु कोंबाचा गळा उघडा राहील, अशी काळजी घेतली. गळ्यात माती किंवा पाणी साचले तर कोंब कुजण्याचा धोका असतो.

पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला दुपारच्या उन्हापासून सावली करावी लागते. नातीने पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा कूड उभा केला. नारळाला मुख्य सोटमूळ नसते. बुंध्यापासून असंख्य सारखी मुळे निघतात आणि बहुतेक दोन मीटरांच्या आतच पसरतात. म्हणून झाड वाढेल तसे आळेही रुंद करीत न्यावे आणि खतपाणी बुंध्याशी न ओतता आळ्यात सर्वत्र द्यावे. आळ्यावर पालापाचोळा अंथरला म्हणजे ओल टिकते. खोडाला खिळा ठोकू नये, खाच पाडू नये, तार आवळू नये. कडुनिंबाची जखम भरून येते, नारळाची जखम जन्मभर तशीच राहते. वाळून लोंबणारी झावळी तेवढी काढावी. हिरवीला हात लावू नये.

आता त्या अंगणात रोप गुडघ्याच्या वर आले आहे. जुन्या झाडाच्या जागी तारांखाली आजोबांनी मोगऱ्याचा वेल लावला आहे. तो कितीही वाढला तरी तारांपर्यंत पोचणार नाही. शेजारचे काका एकदा नवे रोप पाहावयास आले. त्यांनाही परसात एक नारळ लावावयाचा होता. फावडे हातात घेऊन ते जागा पाहत असता कुंपणापलीकडून नातीचा आवाज आला, “काका, खणण्याआधी एकदा वर पाहा!”

काकांनी फावडे खाली ठेवले आणि वर पाहिले.

अभ्यास

१. कडुनिंबाचा शेंडा छाटला तर तो पुन्हा फुटतो. नारळाचा शेंडा छाटला तर झाड मरते. असे का होते?
२. ‘दोष झाडाचा नाही,’ असे आजोबा का म्हणाले? पाठात हाच विचार आणखी कोठे आला आहे?
३. नवे रोप लावण्यापूर्वी नातीने कोणकोणत्या गोष्टी पाहिल्या?
४. तुमच्या घरी रोज स्नानाला किती पाणी लागते, ह्याचा हिशेब करा. त्या पाण्यावर कोणते झाड जगविता येईल, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: तग धरणे, जिवावर बेतणे, पाठ फिरवणे, भाग असणे.