डोहाळे : कोणते पुरवावेत आणि कोणते डॉक्टरांच्या कानावर घालावेत



गेल्या महिन्यात एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. तिची नात पहिलटकरीण, पाचवा महिना चालू आहे. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही पोरगी दिवसभर बर्फ चावते. कपात बर्फ घेऊन बसते आणि कडाकडा फोडते. बाळाला सर्दी होईल म्हणून मी फ्रीजमधला बर्फाचा ट्रेच काढून ठेवला. आता ती माझ्याशी धड बोलत नाही."

मी तिला म्हटलं, "ट्रे परत ठेव, आणि उद्याच तिला रक्त तपासायला पाठव." बर्फाने बाळाला सर्दी होत नाही, पण बर्फाची अशी ओढ लागते तेव्हा पुष्कळदा अंगात लोह कमी असतं. तपासणीत तेच निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन आठवड्यांत बर्फाची आठवणही राहिली नाही.

आता आपल्यापैकी कोणाला दिवस जायचे नाहीत, हे खरं. पण नाती, नातसुना आपल्याच स्वयंपाकघरात येतात, आपल्या हातचं खातात आणि डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट कधी कधी आजीला सांगतात. म्हणून या वेळचा धडा डोहाळ्यांचा आणि गरोदरपणातल्या पथ्याचा.

माझी चूक

आधी माझीच एक चूक सांगते. चाळीस वर्षांहून जास्त झाली. दक्षिणेतल्या एका गावात मी टिपत हलावमध्ये काम करत होते. आपल्यातलीच एक तरुण मुलगी तपासणीला येई. एकदा तिच्या पिशवीतून रुमाल काढताना मातीचं ढेकूळ खाली पडलं. मी विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, "भाजून खाते, बाई. वास आला की राहवत नाही." मी तिच्या सासूदेखत तिला फडाफडा बोलले. शिकलेली मुलगी तू, माती खातेस, लाज नाही वाटत, असं बरंच काही.

त्यानंतर ती आलीच नाही. आठव्या महिन्यात तिला धाप लागली म्हणून घरच्यांनी थेट इस्पितळात नेलं. तेव्हा तिचं हिमोग्लोबिन ७ होतं. गरोदरपणात ते निदान ११ तरी असायला हवं. बाळंतपणानंतर तिला रक्त द्यावं लागलं. बाळ लहानखोर होतं. देवाच्या दयेने दोघंही वाचली. पुढे ती मला भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुम्ही ओरडलात म्हणून मी आले नाही." हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. ती माती म्हणजे तिच्या अंगाने मला दिलेली खूण होती. मी खूण वाचली नाही, मुलीलाच रागावले.

माती, खडू, राख, कच्चे तांदूळ, बर्फ

अन्न नसलेली वस्तू खावीशी वाटणं याला डॉक्टर 'पायका' म्हणतात. हे काही वेड नव्हे आणि वाईट सवयही नव्हे. लोह कमी झालेल्या बायकांत ते पुष्कळ आढळतं. नेमकं का होतं हे वैद्यकशास्त्राला अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण लोह भरून निघालं की बहुतेकींची ओढ जाते, हे मी स्वतः अनेकदा पाहिलं आहे.

बर्फाने दात दुखतील, फार तर झिजतील. मातीचं तसं नाही. मातीत जंत असतात, कधी शिसंही असतं आणि शिसं बाळाच्या मेंदूला घातक आहे. शिवाय काही प्रकारची माती पोटात गेली की अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे लोह कमी म्हणून माती खावीशी वाटते आणि माती खाल्ल्याने लोह आणखी कमी होतं. हा फेरा गोळीनेच तुटतो, रागावण्याने नाही.

नात असं काही खाते असं दिसलं तर एकांतात, हसतमुखाने विचारा : "काय गं, आणखी काय काय खावंसं वाटतं?" मग तिला सांगा, "डॉक्टरांना हे सांग, आणि लोह तपासून घे."

लोहाची गोळी कशी घ्यावी

इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला असा आहे : दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून पहिले तीन महिने संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, आणि चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रोज ३० मिलिग्रॅम लोह. जिचं रक्त कमी असेल तिला डॉक्टर जास्त देतील.

आपल्या घरात गोळी चहाबरोबर घेतली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. चहा आणि दूध लोहाला अडवतात, लिंबू आणि संत्रं मदत करतात. म्हणून गोळी संत्र्याच्या रसाबरोबर घ्यावी आणि चहा तास-दोन तासांनी. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौच काळं झालं तर घाबरू नये. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, भाज्या, सुके अंजीर, आणि तरीही त्रास होत असेल तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावं.

आणि आज्यांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : लोहाच्या गोळ्या लहान नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका. गोड वाटून मूठभर गिळल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतते.

आंबट, तिखट, गोड

कैरी, चिंच, लिंबू खावंसं वाटलं तर खुशाल द्या. छातीत जळजळ झाली तर आपोआप कमी होईल. लोणचं, पापड, सुकी मासळी यांत मीठ फार, म्हणून चवीपुरतं. रक्तदाब वाढलेला असेल तर डॉक्टरांना विचारून.

डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते, असं आपल्या आया म्हणत. तसं काही होत नाही. सगळ्याच बाळांची लाळ गळते. पण त्या म्हणीमुळे घरातले लोक गरोदर बाईला काय हवं ते विचारत, हा तिचा फायदाच म्हणायचा.

गोडाकडे मात्र लक्ष हवं. आपल्या भारतीय वंशाच्या बायकांना गरोदरपणातला मधुमेह होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ५० ग्रॅम साखरेचं पाणी पाजून रक्त तपासतात. इथे त्याला 'हाअमासत सुकार' म्हणतात. मुली कंटाळा करतात, मळमळतं म्हणून टाळतात. त्यांना टाळू देऊ नका. साखर वाढली आणि कळलीच नाही तर बाळ फार मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते.

साखर निघालीच तर मलिदा बंद का? नाही. मलिद्याचा चमचाभर प्रसाद पुरे, वाटी भरून आशीर्वाद वाढत नाही. भाताचा ढीग कमी करावा, डाळ, अंडी, मासे, भाज्या वाढवाव्यात आणि दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा खावं. आपलं वालाचं बिरडं यासाठी उत्तम : फॉलिक, लोह, प्रथिनं सगळं त्यात आहे. फक्त ते नीट शिजवा. मोड आलेली कडधान्यं गरोदरपणात कच्ची देऊ नयेत, कारण मोड येताना जंतूही वाढतात.

"दोन जिवांचं खा" असं म्हणून ताट भरू नका. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं काही लागत नाही. पुढे रोज साधारण ३५० ते ४५० कॅलरी जास्त, म्हणजे एक पोळी, एक अंडं आणि पेलाभर दूध, एवढंच. उलट काही घरांत बाळ मोठं होऊन अडेल म्हणून सुनेला कमी खाऊ घालत. तेही चूक. त्याने बाळ अशक्त होतं.

जुनी पथ्यं आणि नवी पथ्यं

पपई : कच्च्या पपईत चीक असतो, ती टाळलेली बरी. पूर्ण पिकलेली पपई चालते. अननसाच्या दोन फोडींनी काही होत नाही. तीळ उष्ण म्हणून इथे तहिनीसुद्धा बंद करतात, त्याची गरज नाही. केशराच्या दुधाने बाळ गोरं होत नाही. चव म्हणून दोन काड्या घातल्या तर हरकत नाही. काढे आणि जडीबुटी मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

आता जी पथ्यं आपल्या आयांना ठाऊक नव्हती, ती पाहा. पाश्चराइज न केलेल्या दुधाचं चीज, मग ते कोणी घरी केलेलं बकरीचं कितीही ताजं असो, देऊ नका. त्यातून लिस्टेरिया आणि ब्रुसेलोसिस होतात. लिस्टेरियाने आईला नुसता ताप येतो, पण बाळ दगावू शकतं. सुशीतला कच्चा मासा, धुरावलेला थंड सालमन, अर्धकच्चं मांस, कच्च्या अंड्याचं मेयोनेझ हेही नको. भाजीपाला नीट धुवावा. मांजराची घाण गरोदर बाईने काढू नये, घरातल्या दुसऱ्याने काढावी.

रक्त वाढावं म्हणून आपण कलेजी खाऊ घालतो. गरोदरपणात ती टाळावी, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की बाळाला अपाय होऊ शकतो. त्याऐवजी मटण किंवा कोंबडी नारळाच्या दुधात शिजवावी. मांसाबरोबर दूध न घेण्याचा आपला नियम धर्माचा आहे, पण मांसातलं लोह अंगी लागायलाही तो उपयोगीच पडतो.

कॉफी दिवसाला दोन लहान कपांपुरती, चहा धरून हिशेब करावा. आणि किद्दुशची वाइन? गरोदरपणात दारूचा थेंबही नको. आपल्या वाडवडिलांनी कोकणात काळ्या मनुका भिजवून त्यांच्या शरबतावर किद्दुश केला. नातीसाठी तेच करा. तीही विचारील हे काय, आणि तुम्हाला गोष्ट सांगायला मिळेल.

किप्पुरचा रोजा

दर वर्षी मला हा प्रश्न येतो. उत्तर मी देत नाही. ते डॉक्टर आणि रब्बी दोघांनी मिळून द्यायचं. पण एक गोष्ट सांगते. मिश्नाच्या योमा प्रकरणात गरोदर बाईच्या डोहाळ्यांचाच विचार केलेला आहे. अन्नाचा वास येऊन तिचा जीव कासावीस झाला तर किप्पुरच्या दिवशीही, तिचा जीव ठिकाणावर येईपर्यंत तिला खाऊ घालावं, असं तिथे सांगितलं आहे. गमारात असंही आहे की आधी तिच्या कानात आज किप्पुर आहे असं हळूच सांगावं. तेवढ्याने ती शांत झाली तर ठीक.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती मातीवाली मुलगी आठवली. कानात, हळूच. चारचौघांत नाही.

म्हणून रोजा धरायचा की नाही हे सणाच्या आधीच विचारून घ्यावं. धरलाच तर सावलीत, पडून राहावं. चक्कर, पोटात कळा, बाळाची हालचाल कमी वाटणं, यांतलं काही झालं तर तिथेच थांबून पाणी प्यावं आणि इस्पितळ गाठावं. एरवीसुद्धा दिवसभर पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा तोंड सुजलं असेल, तर उद्यावर टाकू नये.

काही घरांत अजून सातव्या महिन्यात हिरवी साडी नेसवून, आवडीचे पदार्थ करून गरोदर मुलीचं कौतुक करतात. जरूर करा. पण त्या दिवशी वाढता वाढता तिला एवढं विचारा : "तुला काय खावंसं वाटतं? अगदी वेडंवाकडं असलं तरी सांग." आणि ती जे सांगेल ते ऐकून घ्या. हसू नका, रागावू नका.

ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्या सर्वांना, बेशाआ तोवा.