खाऱ्या किनाऱ्यावरील परसबाग

घराच्या परसांत चार फुलझाडें, दोन वेल व भाजीचे वाफे असावेत अशी इच्छा नाहीं, असा शेतकरी विरळाच. परंतु समुद्रकांठच्या गांवीं ही हौस पुरी करूं जातां पहिल्याच उन्हाळ्यांत पानें कडेनें करपतात, वाफ्यावर पांढरा थर धरतो, आणि ‘आमच्या जमिनींत कांहीं होत नाहीं’ असें म्हणून गृहस्थ स्वस्थ बसतो. मिरा-भाईंदर भागांत फुलें, औषधी वनस्पति, फळें व भाज्या लावून आम्हीं जें पाहिलें, त्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, बहुधा उणीव जमिनीची नसून गोड्या पाण्याच्या हिशेबाची असते. तो हिशेब कसा राखावा, हें येथें सांगावयाचें आहे.

जमीन व मीठ : या भागाच्या उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र आहे. उत्तन-डोंगरीकडील उंचवट्याच्या जागा निचऱ्याच्या आहेत. उलट खाडी व मिठागरें यांच्या लगतची जमीन सखल, चिकट व खारवट आहे. वर्षाचा पाऊस सुमारें ९० इंच, व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. या पावसानें वरच्या थरांतील मीठ विरघळून खालीं जातें. पाऊस सरला म्हणजे ऊन जमिनींतील ओल वर ओढतें. ओल उडून जाते व मीठ मागें राहतें. म्हणून तीच जमीन सप्टेंबरांत गोडी व एप्रिलांत खारी असते. पनवेल येथें कोकण कृषि विद्यापीठाचें खार जमीन संशोधन केंद्र आहे. तेथील ‘पनवेल’ नांवाच्या भाताच्या जाती खार सोसणाऱ्या आहेत. तरीही खाचर प्रथम पावसानें धुऊन निघावें लागतें. परसासही तोच नियम लागू आहे.

विहीर : गोडें पाणी हलकें व समुद्राचें जड, म्हणून किनाऱ्यालगत जमिनीच्या पोटांत गोडें पाणी खाऱ्यावर तरंगत असतें. घायबेन (१८८८) व हर्झबर्ग (१९०१) या संशोधकांच्या नांवानें ओळखला जाणारा ठोकताळा असा कीं, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट उंच असेल, तर त्या पातळीखालीं सुमारें ४० फूट गोडें पाणी असतें. म्हणजे बेसुमार उपशानें पातळी १ फूट उतरली, तर खारें पाणी कालांतरानें ४० फूट वर चढूं शकतें. आणि एकदां खारावलेली विहीर लवकर गोडी होत नाहीं. शेजारच्या वसईंत केळी-पानवेलींच्या वाड्या अशा विहिरींवरच पोसल्या गेल्या. यास्तव पंपानें एकदम विहीर तळास नेण्यापेक्षां सकाळ-सायंकाळ थोडें थोडें पाणी काढावें, आणि छपराचें पावसाचें पाणी गाळून विहिरींत सोडावें.

वाफे : सपाट वाफे आम्हांस मानवले नाहींत. तीन फूट रुंद व एक फूट उंच गादीवाफे करून दोहों बाजूंस चर ठेवावे, म्हणजे मीठ धुऊन चरांत उतरतें. शेणखत व कुजलेला पालापाचोळा भरपूर घालावा. ऑक्टोबर उजाडतांच भाताचा पेंढा किंवा वाळलेलें गवत यांचें तीन इंच आच्छादन घालावें. ओल उडणें थांबलें कीं मिठाचें वर येणेंही मंदावतें. पोटॅशचें क्लोराइडयुक्त खत, चुलीची राख व मीठ लावलेल्या मासळीचा कचरा परसांत घालूं नये. कपडे धुतलेलें सोड्याचें पाणीही वर्ज्य समजावें; तांदूळ-भाजी धुतलेलें पाणी खुशाल द्यावें.

भाज्या : पावसाळा हा वेलांचा हंगाम होय. मांडवावर दोडका, पडवळ, काकडी व कारलीं उत्तम येतात. कारल्याची ‘कोकण तारा’ ही जात याच प्रांतासाठीं निघालेली आहे. भेंडीही याच वेळीं घ्यावी. हिंवाळ्यांत पालक, बीट, मुळा, वांगीं व टोमॅटो घ्यावे. पालक व बीट हीं खारास बरींच दाद देत नाहींत. घेवडा, गाजर व कांदा मात्र फार नाजूक. म्हणून ज्या वाफ्याविषयीं शंका असेल, त्यांत प्रथम घेवड्याचे दहा दाणे व पालकाचें चिमूटभर बियाणें टाकून पाहावें. पालक उगवला व घेवडा पिवळा पडला, तर मीठ आहे असें समजावें.

फुलें व औषधी : झेंडू जुलैच्या सुमारास लावल्यास दसऱ्यास फूल मिळतें, शिवाय वांगीं-टोमॅटोच्या मुळांवर गांठी आणणारे सूत्रकृमि त्याच्या मुळांमुळें कमी होतात, हा दुसरा लाभ. मोगऱ्याचा बहर ऐन उन्हाळ्यांत येतो, तेव्हां त्यास विहिरीच्या गोड्या पाण्याचा पहिला मान द्यावा. गुलाबास खार सोसत नाहीं. तो कुंडींतच बरा. तुळस, गवती चहा, पुदिना व ओवापान हीं स्वयंपाकघराच्या दाराशीं असावीं. आलें व हळद चिकूच्या विरळ सावलींत गादीवाफ्यावर लावावीं. पाणी सांचल्यास गड्डे कुजतात.

फळझाडें : खारट वारा व किंचित् खारें पाणी सोसण्यांत नारळ व चिकू अग्रेसर. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तोही समुद्रकिनाराच आहे. चिकूचें कलम खिरणीच्या खुंटावर बांधलेलें घ्यावें. पेरू मध्यम, आंबा, लिंबू, केळ व पपई यांना मात्र परसांतील सर्वांत उंच व निचऱ्याची जागा द्यावी.

मिरा-भाईंदर येथें २००२ पासून महानगरपालिका आहे, आणि पुष्कळ शेतजमिनींवर घरें उभीं राहिलीं आहेत. ज्यांचे परस अद्याप शाबूत आहेत, त्यांच्या हातीं केवळ भाजीचा वाफा नसून पाऊस जिरविणारी भूमि आहे. फरशीखालीं गेलेल्या अंगणांत पाणी मुरत नाहीं, आणि त्याची उणीव शेजाऱ्याच्या विहिरीसही भासते. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक सभासदानें ऑक्टोबर व मे या दोन महिन्यांत आपल्या विहिरीची पातळी मोजावी, पाण्याचा खारेपणा तपासून घ्यावा, आणि ते आंकडे वहींत टिपून ठेवावे. तीन-चार वर्षांच्या नोंदी शेजाऱ्यांनीं एकत्र बसून पाहिल्यास कोणत्या आळीनें उपसा आवरावा, व कोणत्या परसांत केळ लावावी आणि कोणत्या परसांत चिकू, हें आपोआप ठरेल.