चालकाचे पुनरागमन

१९८७ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यातील चेस येथे रेल्वेची टक्कर होऊन १६ जणांचा बळी गेला. इंजिनावरील कर्मचाऱ्यांनी गांजाचे सेवन केल्याचे तपासणीत आढळले. अशा अपघातांमुळे १९९१ च्या कायद्याने वाहतूक-कर्मचाऱ्यांची मद्य व मादक द्रव्यांसाठी चाचणी बंधनकारक झाली.

दोषी आढळलेल्या कर्मचाऱ्यास तत्काळ कामावरून दूर केले जाते. परंतु परतीचा मार्ग खुला राहतो. अधिकृत तज्ज्ञ त्याची तपासणी करून उपचार वा शिक्षण ठरवून देतो व ते पार पडल्याची खातरजमा करतो. त्यानंतरची चाचणी निर्दोष ठरली, तरच पुनरागमन शक्य होते. पुढील बारा महिन्यांत पूर्वसूचनेविना किमान ६ चाचण्या होतात. मालकावर मात्र त्याला परत घेण्याची सक्ती नाही. प्रवाशांचे प्राण आणि कर्मचाऱ्याची उपजीविका या दोहोंचा विचार या व्यवस्थेत दिसतो.