आवाज आधी ओळखा, मग सायलेन्सरला हात लावा

अबार्थ पुंटो ही आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत तयार झालेली गाडी. ऑक्टोबर 2015 मध्ये ती बाजारात आली. 1.4 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि 145 अश्वशक्ती, तेही दहा लाखांच्या आत! त्या किमतीत एवढी ताकद देणारी दुसरी हॅचबॅक तेव्हा आपल्याकडे नव्हती. मी दौंडचा, नोकरी रांजणगावला. रोज ही गाडी डोळ्यांसमोरून जायची, म्हणून पुढे जुनी मिळाली तेव्हा हौसेने घेतली. आधीच्या मालकाने मागचा सायलेन्सर बदलून सरळ नळीचा मफलर बसवला होता आणि मधला रेझोनेटरही (घुमणारा सूर दाबणारा डबा) काढून टाकला होता. गल्लीतून एक चक्कर मारताना तो आवाज कुणालाही आवडेल. पण शिरूर, न्हावरे, चौफुला, पाटस, दौंड असा रोजचा रस्ता त्याच आवाजात काढायचा म्हटले की जीव नकोसा होतो.

चौफुल्याला सोलापूर हायवे लागला आणि गाडी एका वेगाला स्थिर झाली की केबिन घुमायला लागायची. काचा लावल्या की जास्तच. मागे बसलेल्या वडिलांचे डोके पाटस येईपर्यंत ठणकायला लागे. त्याशिवाय सकाळी थंड गाडी सुरू केली की टिकटिक, आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर खडखड. जो तो एकच सांगे, ‘मफलर बदला.’ पण हे तीन आवाज वेगळे होते आणि तिन्हींची कारणेही वेगळी होती. मफलर बदलून त्यातले दोन जागचे हललेही नसते.

टिकटिक आधी घ्या, कारण ती जिवाशी खेळणारी असू शकते. थंड इंजिनावर ऐकू येते आणि गाडी तापली की कमी होते, तर बहुधा एखाद्या जोडातून गॅस निसटतो आहे. तापल्यावर धातू फुगतो आणि फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. दोष मात्र तसाच राहतो. गाडी थंड असताना सुरू करा, एकाला मागच्या नळीच्या तोंडाशी जाड कापड काही क्षण धरायला सांगा आणि नळ्यांच्या जोडावर, म्हणजे फ्लँजवर, साबणाचे पाणी मारा. बुडबुडे येतील तिथे लिकेज. जोडाभोवती काजळीची रेघ दिसली तरी तेच समजा. माझ्या गाडीत टर्बोच्या पुढच्या जोडाचे गॅस्केट गेले होते. नवे गॅस्केट, नवे नट-बोल्ट, काम संपले. पण त्या फटीतून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग ना वास. वडिलांची डोकेदुखी केवळ आवाजाने होती असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. गाडीत बसल्यावर कुणाचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर आधी काचा उघडा, गाडी बंद करा आणि लिकेज सापडून दुरुस्त होईपर्यंत तिच्यात कुणालाही बसवू नका.

खडखडीचे काम थोडक्यात होते. गाडी लिफ्टवर घेऊन थंड सायलेन्सर हाताने हलवला की कळते. उष्णतारोधक पत्र्याचा बोल्ट सैल असतो, लटकवायचे रबर फाटलेले असते किंवा नळी तळाला घासलेली असते. रबरे बदला, क्लॅम्प आवळा.

खरा डोकेखाऊ होता तो घुमणारा कंप. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला 2700 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 90 स्फोट, म्हणून 90 हर्ट्झचा खर्जातला सूर. हा सूर केबिनच्या हवेशी जुळला की रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखी अख्खी गाडी घुमते. म्हणून टॅकोमीटरकडे बघा. नेमक्या किती फेऱ्यांना घुमते ते कुणाला तरी शेजारी बसवून लिहून घ्या. तो आकडा नसेल तर फॅब्रिकेटर अंदाजानेच काम करणार.

या सुरावर उतारा म्हणून मुख्य नळीला एक बंद टोकाची आडनळी जोडतात. तिची लांबी त्या ध्वनिलहरीच्या पाव भाग असावी लागते. टोकावर आपटून परतलेली लहर मूळ लहरीच्या उलट पडते आणि सूर मरतो. 90 हर्ट्झला थंड हवेच्या हिशेबाने ही लांबी सुमारे 95 सेंटिमीटर येते. पण तापलेल्या वायूत ध्वनी वेगाने धावतो. 200 अंश सेल्सिअसला तोच हिशेब सुमारे 120 सेंटिमीटरवर जातो. आडनळीतला वायू मुख्य नळीपेक्षा थंड राहतो, म्हणून खरी लांबी या दोन्हींच्या मधे कुठेतरी सापडते. आधी लांब नळी टॅक करून (तात्पुरती टिपक्यांनी जोडून) घ्या, हायवेवर फिरवा, थोडी कापा, पुन्हा फिरवा. पक्के वेल्डिंग शेवटी.

मफलरमध्ये काचलोकर कोंबून द्या, असा सल्ला हमखास मिळतो. त्याने वरचा कर्कश आवाज काही दिवस दबतो, खर्ज तसाच राहतो. मोकळी कोंबलेली लोकर उडूनही जाते.

मी आडनळीचे एवढे शिकलो, तरी शेवटी मूळ रेझोनेटर आणि मूळ मफलर शोधून तेच बसवले. कारण कायदा स्पष्ट आहे. ही गाडी बनली तेव्हा नव्या प्रवासी कारला चालत्या गाडीच्या चाचणीत 74 डेसिबलची मर्यादा होती, आणि कंपनीचा सायलेन्सर ती धरून बनवलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कलम 190 खाली आवाजाच्या प्रदूषणासाठी पहिल्या वेळी 10000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. आणि रात्रपाळी करून आलेल्या रेल्वेवाल्यांच्या दौंडात झोपेची किंमत काय असते, हे मला कुणी वेगळे सांगायला नको.

ही गाडी आता बनत नाही. तिचे मूळ भाग मिळवायला भंगारवाल्यांच्या दारात उभे राहावे लागते. तुम्ही हौसेने काहीही बसवा, पण काढलेला कंपनीचा सायलेन्सर विकू नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून घरी ठेवा.