आधी पिशवी, मग कोळी

मनू, दक्षिण कॅलिफोर्नियात अंगणवालं घर घेतलंस, आता अंगणातल्या भाडेकरूंचीही ओळख करून घे. मावशी सांगते तेवढं ऐक, बाकी तू हुशार आहेसच.

१. कोळी शोधत बसू नकोस, त्याच्या अंड्यांची पिशवी शोध — विडो कोळ्याची मादी दिवसा सांदीत दडते, पिशव्या जाळ्यातच लोंबतात. पाहुणा लपतो, बोचकं लपत नाही.

२. सेंटीमीटरभर गोल पिशवी आणि अंगभर रेशमाचे काटे, धोत्र्याचं बोंड इवलंसं करून टांगल्यागत, म्हणजे ब्राउन विडो — आम्ही इथे आलो तेव्हा हिचं नाव कुणी घेत नव्हतं. २००३ साली टॉरन्सला सापडली आणि आता गल्लोगल्ली आहे.

३. गुळगुळीत, कागदी, फिकट पिवळसर आणि वर निमुळती असेल तर ब्लॅक विडोचा संशय घे. पण लगेच फोन करून मला उठवू नकोस — घरातल्या साध्या कोळ्याची पिशवीही तशीच निमुळती असते, फक्त लहान आणि चांगली तपकिरी. रंग उजेडात बघ, बॅटरीच्या पिवळ्या झोतात सगळंच तपकिरी दिसतं.

४. सैल, पिंजलेली, आतली अंडी दिसणारी पिशवी स्टिअटोडा नावाच्या कोळ्याची — विडोची वीण घट्ट असते, आतलं दिसत नाही.

५. तरी अडलीस तर काडीने जाळं ओढ — विडोचा धागा चिवट, तुटताना चरचरतो.

६. पिशवीला बारीक भोक दिसलं म्हणून हुश्श करू नकोस — पिल्लं गेली, पण आई तिथेच पुढची पिशवी विणत असेल.

७. नुसत्या फवाऱ्यावर विसंबू नकोस, औषध त्या विणीतून आत नीट जात नाही. काडीने खाली पाड आणि चिरड, नाहीतर झिपच्या पिशवीत बंद करून टाक — ब्राउन विडोच्या एका पिशवीत शंभरावर अंडी असतात.

८. प्लास्टिकच्या खुर्चीची खालची बाजू, कुंडीच्या काठाची दुमड, कचऱ्याच्या डब्याच्या मुठीमागची खाच — राहत्या खोल्यांपेक्षा ब्राउन विडोला हीच ठिकाणं आवडतात. आधी डोळा घालावा, मग हात, तोही हातमोज्यातला.

९. विडो चावलीच तर साबणाने धू, बर्फ लाव. पोटात किंवा पाठीत गोळे आले, किंवा चावा लहान मुलाला असेल, तर थेट इस्पितळ गाठ — ब्राउन विडोचा दंश बहुधा थोडक्यात निभावतो, ब्लॅक विडोचा तसा नाही. मेलेला कोळी सापडला तर डबीत घालून सोबत ने.