रूथचे पुस्तक आणि प्रौढांचा वर्ग

प्रौढ स्त्रीपुरुषांस शास्त्र शिकविणे हे मुलांस शिकविण्याहून कठीण आहे, असे आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ उपदेशकांस वाटते. मुलाचे मन कोऱ्या पाटीसारखे असते, पन्नाशीच्या माणसाचे मन मात्र आधीच भरलेले असते, असे ते म्हणतात. ते भरलेले असते हे खरेच. पण कशाने भरलेले आहे हे नीट पाहिले, तर ही अडचण नसून भांडवल आहे असे दिसून येईल. धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या शेतमजूर बाईस रूथच्या पुस्तकातले जितके ठाऊक आहे, तितके पुष्कळशा पदवीधरांसही नसते. तिने दुष्काळ पाहिला आहे. ती जगायला परमुलखात गेली आहे. तिने सरवा वेचला आहे. आणि नवरा गेल्यावर बाईच्या नावच्या जमिनीचे काय होते, हेही ती जाणते. तिला ठाऊक नाही ते एवढेच की, हे सर्व पवित्र शास्त्रात लिहिलेले आहे.

म्हणून ज्यांस आपल्या मंडळीत प्रौढांचा वर्ग सुरू करावयाचा आहे, त्यांनी प्रथम रूथचे पुस्तक घ्यावे असे आम्ही सुचवितो. त्याचे अध्याय चार व वचने अवघी 85 आहेत. रात्रीच्या जेवणानंतर तासभर, असे चार आठवडे बसले तरी ते पुरे होते.

वर्गात पाळीपाळीने वचने वाचावयास लावण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. ज्यास अक्षर येत नाही त्याची पाळी जवळ आली की तो खाली मान घालतो, आणि पुढच्या आठवड्यास येतच नाही. आपल्या भागातील जुन्या पिढीत अशी माणसे पुष्कळ असण्याचे एक कारण आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. दरबारची व वरच्या शाळांची भाषा उर्दू होती, आणि गरिबाच्या मुलास तर कोणत्याच भाषेची शाळा सहसा लाभत नसे. शाळेविना वाढलेल्या आईबापांची मुलेही पुष्कळदा शाळेविनाच राहिली. ह्यात त्यांचा दोष नाही, आणि वर्गात त्यांस तसे वाटूही देता कामा नये.

ह्याऐवजी असे करावे. ज्याचे वाचन स्पष्ट आहे अशा एकाने तेवढा भाग सावकाश, दोन वेळा वाचावा. मग पुस्तक मिटावे आणि विचारावे, ‘‘आता हे कोण सांगेल?’’ पहिला सांगणारा काही गाळील. दुसरा ते भरून काढील. एखादी आजी नसलेलेही घालील. तेव्हा शिक्षकाने तिची चूक न काढता पुन्हा पुस्तक उघडावे व ते वचन वाचून दाखवावे. चूक पुस्तकाने दाखविली तर कोणी दुखावत नाही. शिक्षकाने दाखविली तर दुखावतो. तीन आठवडे असे झाले म्हणजे वर्गातील निरक्षर माणूसही कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू लागतो, आणि जे त्याच्या तोंडी बसले ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

ही रीत आपल्या मुलखास नवी नाही. कीर्तन ऐकून पुराण तोंडपाठ असलेली माणसे गावोगाव होती, हे ओळखून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले, व पुढे नारायण वामन टिळकांनीही तो मार्ग धरला. भाषेचा प्रश्न पंडिता रमाबाईंस फार सलत होता. साध्या बायकांस शास्त्र समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण भाषांतर केले. 1922 साली त्यांचे निधन झाले, व केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांच्या हातून छापलेले ते पुस्तक 1924 साली बाहेर पडले. ज्या शिक्षकास वर्गातील बायकांशी कठीण शब्दांत बोलल्याखेरीज समाधान होत नाही, त्याने ह्या श्रमांची आठवण ठेवावी.

आता पहिल्या अध्यायाकडे येऊ. बेथलेहेम ह्या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा होतो. आणि त्या भाकरीच्या घरात भाकर राहिली नाही, म्हणून एलीमेलेख बायको व दोन मुले घेऊन मवाब देशी गेला. येथे थांबून विचारावे, ‘‘आपल्यापैकी कोण कोण जगायला बाहेर गेले?’’ वडील माणसे 1972 च्या दुष्काळाचे सांगतील, खडी फोडण्याच्या कामांचे व तेथे मिळणाऱ्या सुकडीचे सांगतील. तरुण जोडपी मुकादमाच्या उचलीचे व ऊसतोडीचे सांगतील. हे बोलणे विषयांतर समजून तोडू नये. नामी दहा वर्षांनी नवरा व दोन्ही मुले गमावून परतली, आणि मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे ‘कडू’ म्हणा, असे गावच्या बायकांस म्हणाली. ज्यांनी स्वतःचे काही सांगितले आहे, त्यांसच तिचे हे बोलणे खरे ऐकू येते. देवावर रुसलेल्या बाईचे बोलणे शास्त्राने गाळले नाही, हेही कोणीतरी आपण होऊन म्हणेल. न म्हटल्यास शिक्षकाने म्हणावे.

दुसरा अध्याय सर्वांत मोलाचा आहे, व त्यास घाई करू नये. रूथ कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचावयास गेली. आपल्याकडे ज्वारीची कणसे आणि अलीकडे सोयाबीनच्या शेंगा बायका अशाच वेचतात. वर्गास विचारावे की, सरवा ही मालकाची मेहेरबानी की वेचणारीचा हक्क? बहुतेक जण मेहेरबानी म्हणतील. मग लेवीय 19:9–10 व अनुवाद 24:19 वाचून दाखवावे. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेले गोळा करू नये, विसरलेली पेंढी आणावयास मागे जाऊ नये. ते उपऱ्याचे, पोरक्याचे व विधवेचे आहे, असे तेथे नियमशास्त्रच सांगते. बवाजाचे चांगुलपण ह्यात आहे की, तो नियमापुढे गेला आणि पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाका, असे गड्यांस म्हणाला. येथे मंडळीतील ज्यांच्या घरी दोन-चार एकर आहेत ते गप्प होतात व ज्यांच्या घरी नाही त्या बायका बोलू लागतात. ही शांतता शिक्षकाने भरून काढू नये.

ह्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच ऐकू येते. बवाजाने गड्यांस ताकीद दिली होती की ह्या बाईस कोणी हात लावू नये. आणि नामीनेही तिला दुसऱ्या शेतात न जाण्यास सांगितले, ते ह्याच भीतीने. परक्याच्या शेतात काम करणाऱ्या बाईस ही भीती काय असते हे समजावून सांगावे लागत नाही. परंतु पुरुषांसमोर ती बोलणार नाही. म्हणून तेवढ्यापुरत्या बायका वेगळ्या बसवाव्यात व पाळकबाईंनी किंवा एखाद्या जाणत्या वडील भगिनीने हा भाग घ्यावा. दुपारी बवाजाने तिला आपल्याजवळ बसवून भाकर दिली व भाजलेले दाणे, म्हणजे जवळजवळ आपला हुरडाच, पोटभर दिला. परकी बाई मालकाच्या पंक्तीस जेवली. ज्यांच्या आजोबापणजोबांस गावाच्या पाणवठ्यावर उभे राहू देत नसत, त्यांस ह्या वचनाचा अर्थ विचारून पाहावा.

तिसऱ्या अध्यायातील खळ्यावरच्या रात्रीविषयी शिक्षक संकोचतात. साध्या शब्दांत, जसे लिहिले आहे तसे सांगावे. रूथने हक्काच्या नातलगापुढे आपले मागणे मांडले, आणि बवाजाने उजाडण्यापूर्वी, तिचे नाव कोणाच्या तोंडी येऊ नये म्हणून, सहा मापे सातू देऊन तिला घरी पाठविले. एवढे पुरे. ह्या पुस्तकातून सुनेने सासूची चाकरी करावी एवढाच धडा काढणारे उपदेशक आम्ही पुष्कळ ऐकले आहेत. रूथने सासूस धरून राहावे असे कोणी तिला सांगितले नव्हते, नामी तर तिला परत जा म्हणत होती, हे ते विसरतात.

चौथ्या अध्यायात वेशीत दहा वडील बसून जमिनीचा निवाडा झाला. गहाण पडलेली जमीन सोडविणे म्हणजे काय हे आपल्या शेतकऱ्यांस कळते. लेवीय 25:25 जोडून वाचावे. जवळच्या नातलगास जमीन हवी होती, पण तिच्याबरोबर परकी विधवा येते असे कळताच त्याने जोडा काढून दिला. वर्गास एक काम द्यावे, रूथला ‘मवाबी’ किती वेळा म्हटले आहे ते मोजावे. पाचसहा वेळा तरी सापडेल. मवाबी माणसाने मंडळीत येऊ नये असा निर्बंध अनुवाद 23:3 मध्ये आहे, तोही वाचावा. मग 4:13 पाहावे. तेथे ती नुसती रूथ आहे. पुढे तिच्याच वंशात दावीद व मत्तयाच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे प्रभू येशू. बाळाचे नावही शेजारणींनी ठेवले, हे बायकांच्या लक्षात आणून द्यावे.

राहिला वर्गाच्या वेळेचा प्रश्न. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीस जाणारी कुटुंबे निघतात, ती उन्हाळ्यात परततात. म्हणून पावसाळ्यात सुरू झालेला वर्ग दरवर्षी मोडतो, अशी तक्रार असते. त्यास उपाय एवढाच की रूथ श्रावणभाद्रपदात पुरी करावी, आणि जाणाऱ्यांपैकी दोघातिघांनी ती न अडखळता सांगून दाखविल्याशिवाय त्यांस निरोप देऊ नये. कारखान्याच्या फडाजवळ कोपीसमोर रात्री बसावयास जागा असते. मोबाईलवर आता मराठी शास्त्र ऐकावयासही मिळते. ते लावावे, मग बंद करावे, आणि तेथेही विचारावे, ‘‘आता हे कोण सांगेल?’’