औंधचा स्वाध्याय

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझं शिक्षण औंधला झालं, सध्या विट्याला असते. गेली तीन वर्षं नेमाने तत्त्वज्ञान वाचते आहे. उपनिषदांची मराठी भाषांतरं झाली, ज्ञानेश्वरी झाली, पाश्चात्त्य तत्त्वज्ञांची ओळख करून देणारी दोन-तीन पुस्तकंही झाली. स्वतःची ओळख पटेल, माणसांबद्दल माया वाढेल, असं वाटलं होतं. झालं उलटंच. माणसं उथळ वाटायला लागली. धाकट्या बहिणीशी तर फोनवरही धड बोलणं होत नाही, तिच्या गप्पांचा कंटाळा येतो. या अभ्यासातून स्वतःवर आणि इतरांवर प्रेम करता येतं, असं खरोखर कुणाच्या आयुष्यात घडलं आहे का? की हे फक्त प्रस्तावनेत लिहायचं असतं?
– एक वाचक, विटा

उत्तर :

बाई, माणसं उथळ वाटायला लागली हे तुम्ही कबूल केलंत, म्हणून तुमच्या पत्राला जरा मोठं उत्तर देतो. हे पुष्कळांचं होतं, सांगत कुणी नाही. माझंही झालं होतं. तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. करत होतो तेव्हा सुट्टीत घरी गेलो की आईचं बोलणं मला अडाणीपणाचं वाटायचं. ती भाकरी थापता थापता गल्लीतल्या बायकांची सुखदुःखं सांगायची आणि मी पुस्तकातून मान वर काढत नसे. एकदा तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि सहज विचारलं, ‘त्यात माझ्यासारखीचं काही लिहिलंय का रे?’ मला उत्तर देता आलं नाही. ती चिडली नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. घडलं आहे, आणि तुम्ही जिथे शिकलात त्या औंधात घडलं आहे.

तुम्ही शाळेत मॉरिस फ्रिडमन हे नाव ऐकलं होतं का, ठाऊक नाही. पोलंडचा हा ज्यू इंजिनिअर १९३० नंतरच्या दशकात बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचा प्रमुख होता. हुद्दा मोठा, पण डोक्यात सतत एकच प्रश्न : मी कोण? त्यापायी तो रमण महर्षींकडे जाऊन बसायचा आणि प्रश्नांमागून प्रश्न विचारायचा. पुढे त्याने भगवी वस्त्रं घेतली, भारतानंद हे नाव घेतलं. औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून परतले होते. त्यांची आणि फ्रिडमनची गाठ पडली आणि त्यांनी त्याला औंधला आणलं.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही साधकाची असू शकते. खरी सुरुवात पुढे होते. ‘मी कोण’ विचारणारा हा माणूस औंधच्या डोंगरावर यमाईदेवीच्या छायेत ध्यान लावून बसला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. तो संस्थानच्या ७२ खेड्यांच्या कामात उतरला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि चित्रं काढणारे बाळासाहेब, आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायला तयार झाले. गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत ती लागू झाली. त्या कामात अप्पासाहेबांच्या बरोबरीने फ्रिडमन होता.

त्यानेच राजाकडे आणखी एक मागणी केली : कैदी माझ्या हवाली करा. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारी माणसं. आटपाडीजवळच्या माळावर त्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैद्यांनी जमीन कसायची आणि बायकामुलांना घेऊन राहायचं. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. याच वसाहतीवरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा व्ही. शांताराम यांचा १९५७ चा चित्रपट निघाला. त्याची कथा गदिमांची, आणि गदिमा शेटफळ्याचे, म्हणजे त्याच मुलखातले. शाळेला तेही औंधातच होते.

आता जरा थांबून त्या माळाकडे बघा. वेदान्त वाचून ‘सर्वांत एकच आत्मा आहे’ असं म्हणणारे आपल्याकडे गावोगाव भेटतील. पण त्या ‘सर्वांत’ खून करून आलेला माणूसही येतो, हे गृहीत धरून त्याच्या हातात कोयता आणि विळा द्यायचा, आणि रात्री राखण न ठेवता झोपायचं! हा मला तत्त्वज्ञानाचा खरा अभ्यास वाटतो. पुस्तकात वाचलेलं खरं आहे की नाही हे त्या रात्री कळत असणार. दुसऱ्यावर विश्वास टाकताना आपल्या मनात काय काय भीती उठते, हेही तेव्हाच कळतं. स्वतःची ओळख म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

फ्रिडमनचे प्रश्न संपले मात्र नाहीत. बऱ्याच वर्षांनी तो मुंबईत खेतवाडीच्या एका माळ्यावर जाऊन बसू लागला. तिथे निसर्गदत्त महाराज असत. मूळचे मारुती कांबळी, कोकणातल्या कांदळगावचे, मुंबईत विड्यांचं दुकान चालवणारे. शाळा फार झालेली नव्हती. छोट्याशा जागेत माणसं दाटीवाटीने बसत. कुणी मराठीत विचारी, कुणी इंग्रजीत, दुभाषा अर्थ सांगे, महाराज मराठीत उत्तर देत. आणि कुणी कितीही पुस्तकी प्रश्न घेऊन आला तरी त्याला परत एकाच जागी आणून उभं करत : ‘मी आहे’ ही जी साधी जाणीव तुला आहे, तिच्याकडे बघ. फ्रिडमनने ही संभाषणं ध्वनिमुद्रित करून इंग्रजीत आणली आणि १९७३ साली मुंबईच्या ‘चेतना’ने ‘आय अ‍ॅम दॅट’ या नावाने ती छापली. आज हे पुस्तक जगभर वाचलं जातं. अख्खं पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे. याचं मला फार महत्त्व वाटतं. तिथे विचारणारा एक आहे, ऐकणारा एक आहे, आणि दोघं एकमेकांसमोर बसले आहेत.

बाई, तुमच्या तीन वर्षांच्या वाचनात नेमका हा दुसरा माणूस नाही.

औंधात आणखी एक नाव घ्यायला हवं, पंडित सातवळेकरांचं. वेदांच्या संहिता आणि गीतेवरची ‘पुरुषार्थबोधिनी’ टीका यांसाठी त्यांना देश ओळखतो. १९४८ मध्ये ते गुजरातेत पारडीला गेले, तोवर त्यांची संस्था औंधात होती. तिचं नाव स्वाध्याय मंडळ. हा शब्द तुम्ही वर्गात हजार वेळा वापरला असाल, धड्याखालच्या प्रश्नांसाठी. त्यात ‘स्व’ आहे. आणि पुढे मंडळही आहे.

तुम्ही स्वतःवरच्या प्रेमाचंही विचारलंत. इथे मला साने गुरुजींची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. दापोलीची शाळा सोडून हा पालगडचा मुलगा औंधला आला होता, गरीब मुलांची तिथे सोय होते असं कळलं म्हणून. प्लेगमुळे त्याला औंध सोडावं लागलं. पुढे ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाले आणि तिथून १९२४ मध्ये शेजारच्या शाळेत शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडायच्या, त्यांचे कपडे धुवायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे त्यांचं तत्त्वज्ञान. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि मंदिर खुलं झालं. इतरांवर इतकं प्रेम करणारा माणूस मराठीत दुसरा दाखवणं कठीण आहे. पण त्यांचं लेखन वाचताना जाणवतं की दुसऱ्याला ते जितक्या सहज क्षमा करत, तितकी स्वतःला करत नसत. ११ जून १९५० ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. त्याचं कारण एका ओळीत सांगणं त्यांच्यावर अन्याय करणारं होईल, मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो की आपल्या मायेच्या माणसांत आपली स्वतःचीही गणना करायची असते, आणि हा भाग सर्वांत अवघड आहे.

बृहदारण्यकातला याज्ञवल्क्य आणि मैत्रेयीचा संवाद तुमच्या वाचनात आला असेलच. आपल्याला जे जे प्रिय वाटतं ते आत्म्यामुळे प्रिय वाटतं, असं तो तिला समजावतो. विशीत मला तो शुद्ध स्वार्थ वाटला होता. आज वाटतं, समोरच्या माणसात जे मला ओढून घेतं तेच माझ्यातही आहे, एवढंच तो सांगतो आहे. आणि हे तो घर सोडून निघताना, आपल्याच बायकोच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगतो, हे विसरू नका. तिने अडवून विचारलं म्हणून आपल्याला ते मिळालं.

तेव्हा पुस्तकं सोडू नका. महिनाभर नवीन मात्र आणू नका. या आठवड्यात बहिणीला फोन करा, तिचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐका, आणि तिच्या बोलण्यातलं जे तुम्हाला टोचतं ते का टोचतं, हे वहीत लिहा. मग एखाद्या रविवारी तिला घेऊन औंधला जा, यमाईच्या मूळपीठाच्या पायऱ्या दोघी मिळून चढा. आटपाडीही विट्याहून लांब नाही. स्वतंत्रपूरची खुली वसाहत अजून चालू आहे.